थोरल्याची कमाई

विधु विनोद चोप्रा यांचा ‘परिंदा’ (१९८९) हा खिन्न, काळोखा बोलपट आम्हीं परवां पुन्हां पाहिला. विस्तवाला भिणारा नाना पाटेकरांचा अण्णा सर्वांच्या स्मरणांत राहतो. आमचें चित्त मात्र जॅकी श्रॉफच्या किशनकडे लागलें. धाकट्या करणला वाढवावयाचें, शिकवावयाचें, म्हणून तो अण्णाच्या खुनशी टोळींत शिरला; अमेरिकेहून परतलेल्या करणला त्या पैशाचें मूळ ठाऊक नाहीं.

वऱ्हाडांत, अकोल्याच्या कापूसबाजारांत राबून धाकट्यास अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजांत धाडणारे थोरले भाऊ आमच्या वाडवडिलांच्या पिढींत होते. त्यांची कमाई घामाची, हें खरें. पण ती कशी येते, हें किती धाकट्यांनीं विचारिलें? करणला जाग आली ती दादरच्या कबुतरखान्यापाशीं, मित्राचा खून डोळ्यांदेखत झाल्यावर.