चैत्यभूमीच्या वाटेवरची कॅसेट

५ डिसेंबरच्या रात्री मनमाड स्टेशनावर उभे राहिले की नागपूरकडून येणारी गाडी दिसण्याआधी ऐकू येते. डब्याच्या दारात, खिडकीत, संडासाच्या वाटेवर माणसे बसलेली असतात आणि आत कुठेतरी खंजिरी चालू असते. चढायला जागा नसते, तरी हात पुढे येतात. "या बाई, वर या. लेकराला द्या इकडे." एकदा आत शिरले की मग दादरपर्यंत झोप नाही. कुणीतरी गाणे उचलतो, बाकीचे झेलतात. कल्याण येईपर्यंत निम्म्यांचे आवाज बसलेले असतात.

आमचे अण्णा मनमाडच्या रेल्वे कारखान्यात कामाला होते. त्यांच्यामुळे मी सात-आठ वर्षांची असल्यापासून ही वाट चालते आहे. पहाटे दादरला उतरायचे, फुलबाजाराच्या ओल्या वासातून बाहेर पडायचे आणि गर्दी नेईल तसे रानडे रोडने शिवाजी पार्कच्या दिशेने जायचे. रांगेत उभे राहायचे, चैत्यभूमीला वंदन करायचे. ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकरांच्या हस्ते या स्तूपाचे उद्घाटन झाले, ही माहिती अण्णा दरवर्षी रांगेत नव्याने सांगत आणि आम्ही दरवर्षी नव्याने ऐकत असू. मग समुद्राकडे तोंड करून भाकर सोडायची. आणि त्यानंतर, मैदानातले स्टॉल.

पुस्तकांच्या स्टॉलबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे आणि ते योग्यच आहे. मला लिहायचे आहे ते कॅसेटच्या स्टॉलबद्दल. एका बांबूला दोन कर्णे बांधलेले, खाली फळीवर कॅसेटच्या चळती. शेजारी दुसरा स्टॉल, त्याचे दुसरे गाणे. दोन स्टॉलच्या मध्ये उभे राहिले तर डाव्या कानात नामांतर आणि उजव्या कानात रमाई. कव्हरे बहुतेक सारखीच, निळा कोट, चष्मा, मागे उगवता सूर्य. आत काय आहे ते ऐकल्याशिवाय कळायचे नाही, म्हणून विकणारा प्रत्येक कॅसेटचे पहिले गाणे अर्धा मिनिट वाजवून दाखवी. त्यामुळे गाणारी मंडळीही हुशार झाली होती. सगळ्यात जोरकस गाणे पहिल्या बाजूला पहिले. गिऱ्हाईक त्यावरच पटले पाहिजे.

आमची कॅसेट १९९४ ची. त्या वर्षी १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले होते, म्हणून डिसेंबरात जो तो नामांतराचे गाणे मागत होता. अण्णांनीही त्यासाठीच ती घेतली. पंचवीस रुपये दिले आणि परतीच्या गाडीत दोनदा म्हणाले, "जास्तच गेले." नामांतराचे गाणे बरे होते, इतकेच. गायक कोणी नावाजलेला नव्हता. ढोलकी आवाजावर चढलेली, की-बोर्डचा कर्कश सूर आणि आवाजाला इतका घुमारा दिलेला की गायक विहिरीत उतरून गातो आहे असे वाटावे. कॅसेट चांगली नव्हतीच असे कोणी म्हणाले तर मी भांडणार नाही.

पण दुसऱ्या बाजूला तिसरे एक गाणे होते. ६ डिसेंबरला आलेली एक बाई शिवाजी पार्कच्या फुटपाथवर रात्र काढते, एवढाच त्याचा विषय. जयजयकार नाही, इतिहास नाही. उशाला भाकरीचे गाठोडे, कुशीत लेकरू, समुद्राचा गार वारा आणि तिच्या मनात येणारे विचार. चाल एका जुन्या हिंदी सिनेमातल्या गाण्याची. मागे दोन-तीन बायकांचा कोरस, माइकपासून लांब उभ्या असाव्यात असा.

आईला ते गाणे भारी आवडे. भाकरी थापताना ती दुसरी बाजू लावायला सांगे. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस. पिठाचे हात असल्यामुळे मधले गाणे तिला ओलांडता येत नसे, म्हणून ती बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजे. कॅसेटचे हे एक होते. नावडते गाणेही ऐकावे लागे आणि ऐकता ऐकता त्यातले एखादे घरचे होऊन जाई.

आणली त्याच आठवड्यात शेजाऱ्यांनी ती वाजवायला नेली आणि त्यांच्या टेपने फीत खाल्ली. नेमके तेच गाणे. अण्णांनी कॅसेटचे पाच बारीक स्क्रू उघडले, चुरगळलेला तुकडा कापून टाकला, मागून सेलोटेप लावून जोड दिला आणि पेन्सिलीने फीत गुंडाळून घेतली. वीतभर फीत गेली. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर पळते, म्हणजे वीतभरात चार-पाच सेकंद, म्हणजे गाण्याची साधारण एक ओळ. शेवटच्या कडव्यात गाणे तिथे टुणकन उडी मारायचे. आम्ही भावंडे त्या उडीसकटच गाणे शिकलो. भाऊ तर उडीच्या जागी मुद्दाम मान झटकायचा. आई रागवायची आणि हसायचीही.

अशा कॅसेटबद्दल वर्तमानपत्रात कधी काही आले का? माझ्या वाचण्यात आले नाही. याला दुष्टपणा म्हणावा की अंतर, मला अजून ठरवता येत नाही. भावगीत, नाट्यगीत यांच्यावर रविवारी लिहून येई. गीतरामायणाची, १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून झालेल्या त्या प्रक्षेपणाची आठवण दरवर्षी कोणी ना कोणी काढी. दादर तर संगीताच्या जाणकारांचा गाव. ज्यांनी परीक्षणे लिहायची त्यांच्या खिडक्यांखालीच आमचे कर्णे वाजत होते, आणि त्या दिवशी खिडक्या बंद असत. आमच्याकडूनही कोणी कॅसेट घेऊन वर्तमानपत्राच्या कचेरीत गेला नाही, हेही खरे. ही कॅसेट दुकानासाठी निघतच नव्हती. १४ एप्रिल, वैशाख पौर्णिमा, नागपूरची दीक्षाभूमी, ६ डिसेंबर, या चार जत्रांत खपली ती खपली. पुढच्या वर्षी नवी.

कधी कोणी बोललाच तर म्हणे, चाली उसन्या आहेत. आहेतच. पण जलशापासून ही रीत आहे. तोंडात बसलेल्या चालीवर नवे शब्द घातले की दिवसभर राबून आलेल्या माणसाला गाणे एका रात्रीत पाठ होते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक यांनी सिनेमाच्या चालीवर विडंबन करतच लिहायला सुरुवात केली आणि पुढे गावोगाव गाऊन ते आपले महाकवी झाले. प्रल्हाद शिंद्यांचे पाहा. त्यांची विठ्ठलाची गाणी आषाढीला महाराष्ट्रभर वाजतात, देवळातही आणि बंगल्यातही. तोच गळा, तोच माणूस, पण त्यांची भीमगीते मात्र आमच्या वस्तीच्या वेशीपाशी थांबली. अर्धा गायक सगळ्यांचा, अर्धा आमचा. दोघेही २००४ साली गेले. विठ्ठल उमपांना तर २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात, दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात मृत्यू आला.

पण ही मोठी नावे झाली. त्यांच्या आठवणी निघतात, त्यांच्यावर लिहिलेही जाते. माझा जीव अडकतो तो त्यांच्या मागे, चौथ्या-पाचव्या रांगेत बसलेल्यांत. एक दिवसाचे भाडे भरून स्टुडिओत गेलेले, एक कॅसेट काढून पुन्हा वीटभट्टीवर, गिरणीत, शाळेच्या शिपाईगिरीत परतलेले. रेकॉर्डच्या जमान्यात त्यांना कोणी दारात उभे केले नसते. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली म्हणून त्यांचा आवाज उरला.

उरला म्हणायचा, पण किती? पुढे सीडी आली, मग शंभर गाण्यांची एमपीथ्री आली. तिच्यावर गाण्यांची यादी असते, गायकाचे नाव असले तर असते, कवीचे बहुधा नसतेच. मग मोबाईलचे कार्ड आले. स्टॉलवाला कार्ड भरून देतो, सगळी पहिल्या बाजूची पहिली गाणी. दुसऱ्या बाजूचे तिसरे गाणे कोण भरणार? मोबाईलने चांगलेही केले, नाही असे नाही. एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात घरोघर पोचल्या त्या मोबाईलमुळेच.

आई २०११ साली गेली. २०२० च्या ६ डिसेंबरला करोनामुळे चैत्यभूमीला येऊ नका असे सांगण्यात आले, आम्ही घरूनच वंदन केले. त्या दिवशी भावाने माळ्यावरची ट्रंक काढली. कॅसेट होती, कव्हर नव्हते. फितीवर पांढरी बुरशी चढली होती. सेलोटेपचा गोंद वितळून दोन वेटोळी एकमेकांना चिकटली होती. टेप दुरुस्त करणाऱ्या एकाने हात लावून पाहिला आणि म्हणाला, "ताई, ही आता फिरवली तर तुटंल. राहू द्या आठवण म्हणून."

मला आठवण नको होती, गाणे हवे होते.

२०२२ ला आणि पुन्हा २०२३ ला मी स्टॉलमागून स्टॉल हिंडले. गाण्याचे नाव सांगता येईना, गायकाचे आठवेना, म्हणून गुणगुणून दाखवायचे. तरुण पोरे मोबाईलमध्ये शोधत आणि दुसरेच काही लावून देत. गाडीत वर्ध्याकडच्या एक मावशी भेटल्या होत्या. त्यांच्याकडे नागोराव पाटणकरांपासून कितीतरी गाण्यांचा साठा तोंडपाठ, पण मान हलवून म्हणाल्या, "हे गानं आमच्या इकडं नाही आलं बापा."

पार्कच्या समुद्राकडच्या बाजूला, अगदी शेवटी, मराठवाड्यातले एक काका पोते अंथरून बसले होते. पुढ्यात चार बुद्धमूर्ती, काही बिल्ले. मागे एक कापडी पिशवी. तिच्यात कॅसेट होत्या, पण विकायच्या नव्हत्या. कोणी मागितली तर घरी नेऊन पेन ड्राइव्हवर उतरवून देतात. मी जयभीम घातला आणि चाल गुणगुणले. ते म्हणाले, "या चालीवर माझ्याकडं चार गाणी हायेत. कोणतं पायजे?"

बॅटरीवरचा टेप होता. पहिले रमाईचे निघाले. दुसरे दारूबंदीचे, त्याला मी हसले, कारण चाल तीच. तिसरे लागले आणि मागच्या त्या लांब उभ्या असलेल्या बायका ओळखू आल्या.

मी पोत्याच्या कडेवर बसून ऐकले. शेवटचे कडवे आले. उडीच्या जागी मी श्वास धरला होता, आणि तिथे एक सबंध ओळ आली. आपल्याकडची रीत अशी की शेवटच्या कडव्यात कवी स्वतःचे नाव गुंफतो, वामनदादांच्या गाण्यात 'वामन' येतो तसे. ती नावाची ओळ होती. कवी म्हणत होता की त्या बाईच्या पदराखाली निजलेले लेकरू ते मीच. तीस वर्षे आम्ही ते गाणे एका बाईच्या मनातले समजत होतो. ते तिच्या मुलाने लिहिले होते. आणि ती ओळ आमच्या अण्णांनी कात्रीने कापून चुलीत टाकली होती.

नाव फक्त पहिले आहे. तसे नाव आमच्या एकट्या चाळीत तिघांचे आहे. काकांनी कव्हर काढून दाखवले. गायक, संगीतकार, तबला, ढोलकी, सगळ्यांची नावे छापलेली. गीतकारापुढे छापले आहे, 'पारंपरिक'. १९९४ साली हयात असलेल्या, स्वतःचे नाव गाण्यात घालून ठेवलेल्या माणसाला पारंपरिक! काका म्हणाले, "लई कॅसेटांवर असंच हाय, ताई. म्हणून तर शेवटचं कडवं ऐकायचं." आणि आता मिरवणुकीत जी गाणी वाजतात, त्यात शेवटच्या कडव्यापर्यंत कोण जातो? मुखडा, एक कडवे, की पुढचे गाणे.

भावाला फोन लावला आणि मोबाईल टेपपाशी धरला. कर्ण्यांच्या गोंगाटात त्याला किती कळले कोण जाणे. गाणे संपल्यावर तो म्हणाला, "ते उडीचं परत लाव." काकांनी फीत मागे घेतली.

पेन ड्राइव्हचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, एक बुद्धमूर्ती मात्र घ्यायला लावली. कवीचा पत्ता त्यांनाही ठाऊक नाही. पण ढोलकीवाला बीडकडचा होता आणि अजून असेल, दीक्षाभूमीला त्याला विचारणारे कोणी भेटेल, असे ते म्हणाले. त्यांनी एका विडीच्या कागदावर ढोलकीवाल्याच्या गावाचे नाव लिहून दिले. तो कागद मी कॅसेटच्या रिकाम्या डबीत, कव्हरच्या जागी ठेवला आहे.