पिन टाकल्यावरच पैसे येतात ना?

यूपीआयवर पैसे घेताना पिन टाकावा लागतो का? तुम्ही हे वाचताय म्हणजे बहुतेक 'नाही' म्हणाल. २०२५च्या पावसाळ्यात माझ्या एका मित्राच्या ऑनलाइन सर्व्हेतही जवळपास सगळे हेच म्हणाले. एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी त्याला लोकांना सायबर सुरक्षा कितपत समजते ते बघायचं होतं. नाशिकमधल्या ग्रुपांवर लिंक मीच फिरवली. उत्तरं भराभर आली, मित्र खूश. पण वयाचा आणि शिक्षणाचा रकाना पाहिला, तर बहुतेक सगळे आमच्यासारखेच: विशी-तिशीतले, डिग्रीवाले.

आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्या काकांनी लिंक उघडलीच नव्हती. "अरे, अनोळखी लिंक उघडू नका म्हणून बँकच मेसेज पाठवते ना?" म्हणजे जो माणूस सूचना पाळतो, तोच सुरक्षेच्या सर्व्हेतून बाहेर! मग मी तोच प्रश्न तोंडी विचारला. काका दळण थांबवून म्हणाले, "पिन लागणारच की. एटीएमवर पिन टाकल्याशिवाय पैसे हातात येतात का?"

याला अडाणीपणा म्हणायला मी तयार नाही. बँकेत स्लिपवर सही केली की पैसे, मनीऑर्डर घेताना सही केली की पैसे, एटीएममध्ये पिन टाकला की पैसे. आपण कोण हे आधी सिद्ध करायचं, मग रक्कम मिळते, हे काका आयुष्यभर शिकत आले. २०१६ला यूपीआय आलं आणि पिनचा अर्थ 'माझ्या खात्यातून पैसे जाऊ द्या' एवढाच उरला. चोरांना हे आपल्याआधी कळलं. पैसे मागणारी 'कलेक्ट' रिक्वेस्ट पाठवायची आणि फोनवर सांगायचं, "पैसे पाठवलेत, पिन टाकून घ्या." एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५पासून दोन व्यक्तींमधली ही सोय बंद केली. मला हे शंभर जागृती-पोस्टरांपेक्षा मोलाचं वाटतं. अर्थात 'पैसे मिळवायला हा क्यूआर स्कॅन करा' ही युक्ती शिल्लक आहेच.

अमेरिकेत रिक वॉश या संशोधकाने साध्या माणसांच्या मुलाखती घेऊन २०१०मध्ये दाखवलं होतं, की हॅकर आणि व्हायरसबद्दल प्रत्येकाच्या डोक्यात एक चित्र असतं आणि कुठला सल्ला पाळायचा ते त्यावरून ठरतं. हॅकर फक्त बड्या माशांच्या मागे असतात असं ज्याला वाटतं, तो स्वतःला निर्धास्त समजतो. असलं चित्र हो-नाहीच्या फॉर्ममध्ये सापडणार कसं? २०१९मध्ये एलिसा रेडमाइल्स आणि सहकाऱ्यांनी ऑनलाइन सर्व्हेची उत्तरं फोनवरच्या राष्ट्रीय सर्व्हेशी ताडून पाहिली. पन्नाशीच्या आतल्या किंवा थोडंफार कॉलेज केलेल्यांच्या बाबतीत ती बऱ्यापैकी जुळली. बाकीच्यांच्या बाबतीत तसा भरवसा देता येईना. आणि आपल्याकडे ते 'बाकीचे' किती, हे नाशिकच्या कुठल्याही भाजीबाजारात उभं राहिलं की दिसतं.

मित्राने फॉर्म बंद केला नाही, पण आता तो वही-पेन घेऊन गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातही बसतो. पिनचा प्रश्न त्याने यादीत शेवटी ढकललाय. आधी विचारतो, "मावशी, गिऱ्हाइकाने फोनवरून दिलेले पैसे तुमच्याकडे कसे येतात?"