नवी आवृत्ती घ्यावी का?

भोसरीतल्या छोट्या कारखान्यात सर्किट बोर्ड आखणारा एक जण पुन्हा त्याच विचारात आहे: किकॅड ६ सोडून ९ वर जावं का?

प्रश्न पैशांचा नाही. ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. पुढे सर्न या संशोधन संस्थेचाही त्याला मोठा हातभार लागला. अडचण फाइलींची आहे. नव्या आवृत्तीत जतन केलेला बोर्ड जुनीत उघडत नाही, आणि सहकारी अजून जुनीवरच आहेत.

पण जुन्याला धरून बसणंही सुरक्षित नाही. बोर्ड आखण्याचंच दुसरं सॉफ्टवेअर ‘ईगल’ ७ जून २०२६ ला बंद होणार, हे ऑटोडेस्क या त्याच्या कंपनीनं २०२३ मध्येच जाहीर केलं. वर्षानुवर्षं त्यावर विसंबलेल्यांचं काय?

त्यानं ठरवलंय: चालू ऑर्डरी ६ वरच पुऱ्या करायच्या, मूळ फाइलींची प्रत वेगळी ठेवायची आणि नवं काम सगळ्यांनी एकदमच ९ वर सुरू करायचं.