राणीचा नवरा घोडा

परवा भर दुपारी नातीच्या खिदळण्याने माझी वामकुक्षी मोडली. तिच्या हातात एक जाडजूड इंग्रजी कादंबरी होती. कारण विचारता ती म्हणाली, "आजोबा, यातल्या राणीचा नवरा दिवसभर घोडा असतो आणि रात्री माणूस होतो!" असल्या थिल्लर गोष्टींबद्दल मी चार शब्द सुनावणार, तोच राणीचे नाव कानी पडले आणि मी चपापलो. ती जेन ग्रे होती.

'माय लेडी जेन' ही तीन लेखिकांनी मिळून लिहिलेली कादंबरी २०१६ साली प्रसिद्ध झाली. इंग्लंडचा बालराजा सहावा एडवर्ड तीत मरत नाही. पक्षी होऊन तो कारस्थान्यांच्या तावडीतून निसटतो. जेनही वाचते. माणसांना पशुपक्ष्यांची रूपे घेता येतात, तेथे बिचाऱ्या मुत्सद्द्यांचे काय चालणार!

प्रत्यक्षात मात्र मुत्सद्द्यांचेच चालले. नवव्या वर्षी गादीवर आलेला एडवर्ड ६ जुलै १५५३ रोजी, अवघ्या पंधराव्या वर्षी, आजाराने वारला. तत्पूर्वी त्याने स्वहस्ते वारशाचे टिपण लिहिले होते. तो कागद लंडनमध्ये आजही जपून ठेवलेला आहे. मुकुट 'जेनच्या पुत्रांना' मिळावा असे त्यात आधी होते. मग एक अक्षर खोडून आणि वर दोन शब्द घालून ते 'जेनला व तिच्या पुत्रांना' असे करण्यात आले. आपल्याकडे 'ध'चा 'मा' प्रसिद्धच आहे. १७७३ साली शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तो 'धरावे'चे 'मारावे' केल्यामुळे, असे लोक सांगत आले. ती आख्यायिका झाली. येथे मात्र खाडाखोड डोळ्यांनी पाहता येते.

जेनला मुकुटाचा सोस नव्हता. १५५० साली रॉजर ॲस्कम हा विद्वान तिच्या घरी गेला, तेव्हा सारे कुटुंब शिकारीत रमले होते आणि ही मुलगी प्लेटोचा ग्रंथ मूळ ग्रीकमधून वाचीत बसली होती. मे १५५३ मध्ये तिचे लग्न नॉर्थंबरलंडच्या ड्यूकच्या मुलाशी, गिल्फर्ड डडलीशी लावून देण्यात आले. राज्याची सूत्रे तेव्हा या ड्यूकच्याच हाती होती. १० जुलैला जेनच्या नावाची द्वाही फिरली; १९ जुलैला तिला पदच्युत करून एडवर्डची बहीण मेरी राणी झाली. त्या नऊ दिवसांत नवऱ्याला राजा करण्यास मात्र जेनने साफ नकार दिला. १२ फेब्रुवारी १५५४ रोजी पतिपत्नी दोघांचाही शिरच्छेद झाला. जेन तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती.

एवढे ऐकून नातीचे हसू मावळले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मग तुमच्या इतिहासापेक्षा आमचा घोडाच बरा, आजोबा. निदान जेनला कोणी विचारते तरी!"

यावर मला उत्तर सुचेना. मेजावर तिच्या अकरावीच्या प्रवेशाचा कच्चा अर्ज पडला होता. तिने लिहिलेला 'कला' हा शब्द खोडून मी वर 'विज्ञान' असे सुवाच्य अक्षरात लिहिले होते. तिच्या बाबांनी मान डोलावली होती. सारे तिच्या कल्याणासाठीच, हे काय सांगावयास हवे? जेनच्या वडीलधाऱ्यांनीही स्वतःची अशीच समजूत घातली असेल. कल्पित कथेने जेन परत येत नाही, हे खरे. पण तिच्या बाजूने विचार करावयाला ती कथा एका म्हाताऱ्याला भाग पाडते, हेही काही थोडे नव्हे.

नात पुन्हा पुस्तकात बुडाली होती. मी अर्जाचा कोरा कागद तिच्यापुढे ठेवला आणि वर पेन ठेवले.

"हे काय, आजोबा?"

"पहिल्या कागदावर खाडाखोड झाली आहे," मी म्हणालो. "हा तू स्वतः लिही."