घरातले प्रश्न आणि आपली श्रद्धा



बेळगावच्या आपल्या या मराठी शाळेत ख्रिस्ती घरांतली मुले मोजकीच आहेत. आमचे घर त्यांपैकी एक. तरीही आपली श्रद्धा मुलांपर्यंत कशी पोहोचवावी, ही काळजी सर्वच घरांत सारखी असते, म्हणून हे चार शब्द लिहीत आहे.

आमच्या लहानपणी देवाधर्माचे प्रश्न आजीपाशी, नाहीतर रविवारच्या शाळेतल्या बाईंपाशी मिटत. आता मुलांच्या हाती मोबाईल आहे. एका चित्रफितीत कोणी देवाची साक्ष देतो, तर लगेच पुढच्या चित्रफितीत कोणी सगळे थोतांड ठरवतो. मग तो वाद जेवणाच्या ताटावर येतो.

आमची मुलगी नववीत आहे. तिचा पहिला प्रश्न होता, "आई, येशू खरंच होऊन गेला, की ती नुसती गोष्ट?" याचे उत्तर इतिहासात आहे. टॅसिटस हा रोमन इतिहासकार ख्रिस्ती नव्हता, उलट ख्रिस्ती लोकांविषयी त्याचे मत वाईटच होते. तरी पंतय पिलात सुभेदार असताना ख्रिस्ताला मृत्युदंड झाल्याची नोंद त्याने केली आहे. पुनरुत्थानावर मात्र आम्ही विश्वास ठेवतो. ते प्रयोगशाळेत सिद्ध करता येत नाही, हेही मी तिला सांगितले. जे इतिहासाचे ते इतिहासाचे आणि जे श्रद्धेचे ते श्रद्धेचे, असे स्पष्ट सांगितले की मुलांचा आपल्यावरचा भरवसा टिकतो.

दुसरा प्रश्न विज्ञानाचा. विज्ञान शिकायचे तर देव सोडावा लागतो का? वाटाण्याच्या रोपांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल हा ख्रिस्ती मठातला धर्मगुरू होता. विश्व प्रसरण पावत आहे, हा विचार १९२७ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हेही धर्मगुरूच. जग कसे चालते हे विज्ञान शोधते. कशासाठी जगावे, हा प्रश्न तरीही उरतोच.

तिसरा प्रश्न तिला एका मैत्रिणीने विचारला होता. "तुमचा धर्म इंग्रजांचा ना?" त्यात तिला दुखावण्याचा हेतू नव्हता, पण मुलगी हिरमुसली. ख्रिस्ताचा जन्म आशिया खंडातला आणि केरळात तर इंग्रज यायच्या कितीतरी शतके आधीपासून ख्रिस्ती लोक आहेत, हे मी तिला सांगितले. बाबा पदमनजींचा जन्म १८३१ साली आपल्या बेळगावातच झाला. त्यांनी स्वतः विचार करून ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि विधवांच्या दुःखावर 'यमुनापर्यटन' लिहिले, तेही मराठीतच. आपण प्रार्थना करतो ती भाषा आणि शाळेत शिकतो ती भाषा एकच आहे, हे तिला पटले.

चौथ्या प्रश्नाला मात्र माझ्यापाशी उत्तर नव्हते. गेल्या वर्षी तिची आजी दीर्घ आजारानंतर गेली. आम्ही रोज प्रार्थना करत होतो. "मग देवाने ऐकलं का नाही?" असे विचारून ती म्हणाली, "मी आता प्रार्थनेला बसणार नाही."

काही नातेवाइकांनी सक्ती करायचा सल्ला दिला. तेव्हा मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. १८९५ साली रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्या हिंदूच राहिल्या. दोघांची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे त्या पतीकडे राहायला आल्या, त्याही आपले सोवळे सांभाळूनच. त्यांचे मन बदलले ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एवढ्या मोठ्या कवीला आपल्याच घरात वाट पाहावी लागली, तर आम्हाला कसली घाई?

पदमनजी आणि टिळक यांनी श्रद्धा निवडली. आमच्या मुलांना ती जन्माने मिळते, आणि वारशाने मिळालेली वस्तू आपली व्हायला तिला एकदा नीट पारखून घ्यावे लागते. शंका घेणाऱ्या थोमाला प्रभूने हाकलले नव्हते, आपल्या जखमा दाखवल्या होत्या. पेत्राच्या पहिल्या पत्रातही आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर देण्यास तयार असा, पण ते सौम्यतेने द्या, असे सांगितले आहे. मग घरात विचारणारे आपलेच लेकरू असेल, तर आवाज किती खाली हवा!

आमच्या घरी संध्याकाळची प्रार्थना आजही होते. मुलगी कधी येऊन बसते, कधी आतल्या खोलीत अभ्यास करते. आम्ही तिला बोलावतो, पण ओढून आणत नाही. आजारी शेजाऱ्यांकडे डबा द्यायला मात्र ती न चुकता माझ्याबरोबर येते.

ख्रिस्ती मंडळीत पाळक असतो आणि घरात पालक. कळप कोणताही असो, राखणाऱ्याला काठी लागते आणि धीरही लागतो. आपल्या मुलांचे प्रश्न आपल्यापाशी येत राहोत, दुसरीकडे वळू नयेत, हीच प्रभुचरणी प्रार्थना.

आपली,
एक पालक