आकार आणि दर्जा

'एलिट डेंजरस' हा २०१४ साली इंग्लंडमध्ये निघालेला अवकाशयानाचा संगणक-खेळ आहे. त्यात लढाईपेक्षा मला यान सजवणेच अधिक आवडते.

यानाच्या आतील यंत्रांना एक अंक व एक अक्षर असते. अंक म्हणजे आकार. तो १ ते ८ असतो. ३ आकाराच्या जागेत ३ किंवा त्याहून लहान यंत्र बसते, मोठे बसत नाही. अक्षर म्हणजे दर्जा. 'ई' सर्वांत स्वस्त, तर 'ए' सर्वांत कार्यक्षम आणि महाग.

मग सगळीकडे 'ए' दर्जाच घ्यावा का? मुळीच नाही! एकाच आकारात 'डी' दर्जाची यंत्रे बहुधा सर्वांत हलकी असतात. यान जितके हलके, तितकी त्याची झेप लांब. म्हणून दूरच्या ताऱ्यांकडे निघताना मी झेप घेणारे यंत्र 'ए' दर्जाचे घेतो आणि बाकीची बहुतेक 'डी' दर्जाची.

शिवाय यान नष्ट झाले, तर ते परत मिळवण्यासाठी सामान्यतः किमतीच्या ५ टक्के रक्कम भरावी लागते. यान जितके महाग, तितकी ही रक्कम मोठी. ती जवळ नसेल, तर यान गमावण्याची पाळी येते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ते यासाठीच!

तुम्हीही एखादी वस्तू निवडताना आधी स्वतःला विचारा, 'मला जायचे आहे कुठे?'