उष्टावणाची वाटी

लेखकाने स्वतःस 'आम्ही' म्हणावे, ही जुनी रीत आहे. आमच्या बाबतीत ती काही वर्षांपूर्वीपर्यंत शब्दशः शोभत असे. कारण १२८ किलो वजनाच्या मनुष्याने स्वतःचा उल्लेख अनेकवचनी केला तर त्यात कोणासही अतिशयोक्ती वाटत नाही. आज आम्ही ९३ किलोंचे आहोत आणि 'आम्ही' हे केवळ सवयीने म्हणतो. मधले ३५ किलो कोठे गेले, असे इंदूर-बडोद्याकडील आमचे आप्त भेटीत विचारतात, आणि त्याहूनही अधिक कुतूहलाने विचारतात की, "आता तुम्ही जेवता तरी काय?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे गाव येळ्ळूर. बेळगाव शहराच्या दक्षिणेस, राजहंसगडाच्या पायथ्याशी वसलेले. राज्य कर्नाटक, घरातली भाषा मराठी आणि शिवारात भात. येथल्या बासमतीचा लौकिक बेळगावच्या बाजारात मोठा आहे. शेजारच्या घरी भात शिजत असला तर आपल्या सोप्यात बसून कळावे, असा त्याचा वास. अशा गावात भात नको म्हणणे हे जवळजवळ गाव नको म्हणण्यासारखेच. आमच्या आईच्या हिशेबी तर मूल बरे आहे की आजारी, हे ते भात किती वेळा मागून घेते यावरून ठरे. आम्ही तीनदा घेत असू. त्या दृष्टीने आमची प्रकृती वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत उत्तम होती!

प्रत्यक्षात मधुमेहाने आम्हांस गाठून दहा वर्षे झाली होती. शाळेचा जिना चढताना मध्ये थांबून भिंतीवरील सुविचार वाचण्याचे सोंग करावे लागे. रात्री झोपेत श्वास अडे. आमच्या सौभाग्यवती उशाशी बसून तो पुन्हा सुरू होण्याची वाट पाहत, हे आम्हांस पुष्कळ उशिरा कळले. पथ्ये करून झाली, उपास करून झाले. प्रत्येक वेळी दहा किलो गेले आणि बारा परत आले. शेवटी बेळगावच्या एका डॉक्टरांनी पोटाची शस्त्रक्रिया सुचविली.

घरात दोन तट पडले. धाकट्या बंधूने नितीन गडकरी यांचे उदाहरण दिले. त्यांनी २०११ साली मुंबईत अशा प्रकारची शस्त्रक्रिया करून घेतली होती व पुढेही ते मंत्रिपदाचा भार वाहत हिंडत होते. बहिणीने लगेच इमान अहमदची आठवण करून दिली. इजिप्तमधून सुमारे ५०० किलो वजनाच्या त्या बाईला २०१७ च्या फेब्रुवारीत मुंबईस आणले, शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात अबुधाबी येथे तिचा अंत झाला. तिचे इतर आजार आमच्याहून कितीतरी भयंकर होते, हे समजावूनही बहिणीचे डोळे कोरडे होईनात. आई काहीच बोलली नाही. रात्री तिने एवढेच विचारले, "पोट कापून टाकलं की मग भूक कुठं लागायची रे?"

प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. जठराचा जो वरचा फुगीर भाग या शस्त्रक्रियेत काढतात, त्यातच भूक चेतविणारा घ्रेलिन नावाचा स्राव मुख्यत्वे तयार होतो. जपानी संशोधकांनी तो १९९९ साली शोधून काढला. या साऱ्या विद्येचा उगमही मोठा मौजेचा आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आले की, अल्सरसाठी ज्यांचे जठर अंशतः काढले, त्यांचे वजन वाढता वाढत नाही. त्यावरून त्यांनी १९६६ साली लठ्ठपणावर जठराची पहिली बायपास शस्त्रक्रिया केली. आमच्यावर झाली ती मात्र 'स्लीव्ह', म्हणजे बाहीची. दुर्बिणीतून जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात आणि उरलेली शर्टाच्या बाहीसारखी अरुंद नळी शिवून टाकतात. २०१९ च्या मार्चमध्ये आम्ही मखर सोडून बाहीत शिरलो.

पहिले दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ: निवळ ताक, वरणाचे पाणी, गाळलेले सूप, तेही घोट घोट. पुढचे दोन आठवडे घोटलेले अन्न, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी साधे जेवण. साधे म्हणजे किती, तर रुग्णालयातून दिलेल्या १०० मिलिलिटरच्या प्लॅस्टिकच्या पेल्याएवढे. घास वीस-पंचवीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही. आधी अर्धा तास नाही, नंतर अर्धा तास नाही. पहिल्या महिन्यांत भूक खरोखरच लागली नाही, आणि त्याचा आनंद होण्याऐवजी आम्हांस विचित्र पोरकेपणा वाटला. दिवसाचे खुंटेच उपटल्यासारखे झाले. घड्याळात एक वाजे, पण तो जेवणाचा एक नसे. चौथ्या महिन्यात केस गळू लागले. ते पुढे पुन्हा आले, परंतु तोवर गावात आम्हांस दुर्धर रोग झाल्याची वदंता पसरून गेली होती.

त्याच वर्षी नवा भात घरात आला. आईने पहिल्या तांदळाचा भात देवापुढे ठेवला आणि आमच्या पानात वाढला. मोजकाच, पण तूप सोडून. नऊ महिन्यांनी तो वास समोर आला आणि आम्ही मास्तर असूनही सारे धडे विसरलो. दुसराच घास घाईने गिळला. तो छातीत जाऊन बसला. तोंडात लाळ दाटली, घाम फुटला, आणि परसात जाऊन ओकावे लागले. परत आलो तो आई पानाशी तशीच बसलेली. "माझ्या हातचं अन्न तुझ्या पोटात राहीना," एवढेच ती म्हणाली. १२८ किलोंचा देह ऑपरेशनच्या टेबलावर घालताना आम्हांस जेवढी भीती वाटली नव्हती, तेवढी त्या वाक्याने वाटली.

दोन दिवस ती माळ्यावरच्या पितळी डब्यात काहीतरी शोधत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने आमच्यापुढे चांदीची एक काळवंडलेली वाटी ठेवली. आमच्या उष्टावणाची, आजोळहून आलेली. तिने रुग्णालयाचा पेला पाण्याने भरला आणि वाटीत ओतला. कडेला बोटभर जागा राहिली. "बघ, तेवढंच हाय," ती म्हणाली. "तवा बी एवढंच खायचास. तवा म्या रडले नव्हते." तेव्हापासून प्लॅस्टिकचा पेला मोरीत गेला. यात्रेस पाहुणे जमले आणि कोणी आमच्या पानात आग्रहाने वाढू लागले, की आता आईच आडवा हात घालते. एका व्याह्यांनी थट्टेने म्हटले, "मास्तर, मांजरसुद्धा ह्याहून जास्त खातंय." त्यांना तिने जे ऐकविले ते छापण्याजोगे नाही.

सौभाग्यवतींची गोष्ट निराळी. त्या कधी तक्रार करीत नसत, म्हणून त्यांचे सारे ठीक चालले आहे असा आमचा समज. एके दिवशी शाळेतून अवेळी घरी आलो तो त्या चुलीपाशी उभ्या राहून घाईघाईने भाकरी खात होत्या. आमच्यासमोर पोटभर जेवणे त्यांस अपराधासारखे वाटत होते; सहा महिने त्या अशाच चोरून जेवत होत्या. मौज अशी की, पूर्वी आम्ही ताट संपवून हात धुतला म्हणजे त्या पानावर बसत. आता आमची एक वाटी संपण्यास अर्धा तास लागतो. तेवढ्या अवधीत त्या सावकाश दोन भाकऱ्या व भात खाऊन उठतात, आणि आम्ही मागे बसून चावीत असतो. लग्नास बावीस वर्षे झाल्यावर आम्ही एकत्र जेवू लागलो.

आता वाटीत काय असते ते सांगतो. दिवसास ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून प्रथिने आधी, भाजी नंतर, भात शेवटी. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात प्रथिने जेमतेम अडीच ग्रॅम. आमच्या बासमतीच्या इभ्रतीस हा आकडा फार लागला! परंतु त्याच शेताने आम्हांस हातही दिला. भातकापणी झाली की उरलेल्या ओलीवर आमच्याकडे मसूर पेरतात. लहानपणी आम्ही त्याला गरिबाचे कालवण समजून नाक मुरडीत असू. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम कोरड्या मसुरात सुमारे सात ग्रॅम प्रथिने निघतात. सकाळी दोन अंडी, दहा वाजता पेलाभर दूध, दुपारी मोड आणून घोटलेला मसूर, चार वाजता पनीर, रात्री मासा किंवा कोंबडीचे चार तुकडे, आणि निजण्यापूर्वी घट्ट दही, असा तो हिशेब जुळतो. शेवटी दोन चमचे भात, वासासाठी. मटण चावण्यास वेळ फार लागतो, म्हणून त्याचा रस्सा पुरे. बेळगावचा कुंदा मात्र बोटाच्या पेराएवढाच. एकदा लग्नात अर्धी वाटी खाल्ला आणि पाव तासात हृदय धडधडून डोळ्यांपुढे अंधारी आली. साखर एकदम आतड्यात उतरली की असे होते.

आमची सर्वांत मोठी चूक मात्र खाण्यातली नव्हे. जीवनसत्त्वांच्या, लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर घ्यावयाच्या आहेत, हे आम्हांस बजावून सांगितले होते. दोन वर्षांत वजन ८९ वर आले, मधुमेहाच्या गोळ्या चाराच्या एकावर आल्या, आणि आम्हांस वाटले, आता औषध कशाला? गोळ्या बंद केल्या, रक्ततपासणी चुकविली. २०२१ च्या जुलैत लावणीच्या वेळी आम्ही हौसेने चिखलात उतरलो. बांधावर आलो तेव्हा सौभाग्यवती किंचाळल्या. टाचेत काच शिरली होती, मागे रक्ताची रेघ उमटली होती, आणि आम्हांस काहीच कळले नव्हते. तपासणीत बी-१२ हे जीवनसत्त्व तळाशी गेलेले आढळले. कापून टाकलेल्या जठराबरोबर ते शोषून घेण्याची यंत्रणाही उणी होते, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळीदेखील तेच करते, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यांचा आवाज चढला नाही, याचेच आम्हांस वाईट वाटले. पुढे कित्येक महिने इंजेक्शने झाली. पायांत जाण परत आली. डाव्या पायाची दोन बोटे मात्र अजून परकी आहेत. त्यांना रोज रात्री हाताने चाचपून पाहावे लागते.

तेव्हापासून वजन चार किलोंनी वाढले आहे. भूकही हळूहळू परतली आहे. पूर्वीसारखी हुकूमशहा नव्हे, पण सायंकाळी शेवचिवड्याच्या डब्याजवळ ती रेंगाळते. शाळेचा जिना आम्ही न थांबता चढतो, त्यामुळे भिंतीवरचे सुविचार बदलले की काय, ते आता माहीत नाही. सौभाग्यवती रात्री झोपतात. पोटाची कातडी मोकळ्या पिशवीसारखी लोंबते; सदरा ती झाकतो.

उद्या सकाळी रक्त देण्यास बेळगावास जावयाचे आहे, उपाशी पोटी. आईने मसूर आताच भिजत घातला आहे आणि वाटी घासून पालथी ठेवली आहे. गोळ्यांची डबी तिने स्वतःच्या चंचीत ठेवली आहे. ती मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागण्यास विसरलो तर हाक येते.